झाडाच्या कमरेला लाल पट्टा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत आठही अंगं एकदम पसरायची सोय नाही. पसरलीच तर पाय दाराबाहेर जातात आणि आचारी त्यांना अडखळून माझ्या अख्ख्या खानदानाचा उद्धार करतो, त्यात तूही येतेस. म्हणून सध्या सहा अंगांचा नमस्कार पोचला असं धर, उरलेली दोन भेटीअंती.) पत्रात मोठ्यांना ‘आपण’ म्हणावं असं इथल्या बाई सांगत होत्या, पण तुला ‘आपण’ म्हटलं तर तू मागे वळून कोण पाहुणा आला ते बघशील, म्हणून मी आपलं ‘तू’च चालू ठेवतो. तुझा गुडघा कसा आहे? शिडीवर चढू नकोस असं लिहिणार होतो, पण शाई कशाला वाया घालवू? निदान ती मधली डुगडुगती पायरी टाळ. तिला खिळा मीच मारला होता, तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवू नकोस. आतोबांचा खोकला कमी झाला का? आणि कान कसे आहेत? (हे त्यांना विचारू नकोस, ते “जेवलो” म्हणतील.) आणि वटवाघळं? आतोबांनी चिकूच्या फांदीला दगड घातलेला डबा बांधलाय आणि तो वाजला की वटवाघळं पळतात असं तू लिहिलंस. पळत असतील तर आनंद आहे. माझ्या आठवणीप्रमाणे तो डबा वाजला की ती जेवायला यायची.

फोन करू नकोस, पत्रच लिही, असं तू मागे बजावलं होतंस. फोनवर तू भरभर खोटं बोलतोस, कागदावर तुला वेळ लागतो आणि मला वाचताना पकडता येतं, हे तुझं म्हणणं. बरं. हा घे कागद. तुझं पत्र परवा मिळालं. एका पानात तू जेवढी रागावतेस तेवढं इथल्या मोठ्या साहेबांना अख्ख्या बैठकीत जमत नाही. मजकूर कळला. आमच्या संस्थेची माणसं टोप्या घालून आपल्या बागेत आली, माठातलं पाणी संपवलं, आंब्यापासून रामफळापर्यंत सगळीकडे बोटं दाखवली आणि म्हणाली की अशी खिचडी बाग पुढे टिकायची नाही. सगळी झाडं काढू, त्या जागी बुटका पेरू लावू, ओळीत, एकाच जातीचा, सगळं संस्था करील. तू विहिरीवर होतीस. आतोबांनी त्यांच्यासमोर मान हलवली. आता आंबा उतरला की ती माणसं परत यायची आहेत, आणि तू विचारतेस: तू त्यांच्यातच बसतोस, तर हो म्हणू की नाही एवढं कळव, घोळ घालू नकोस.

आत्या, संस्था चांगली आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून तुझं मत बिघडायला नको.

आता मी इथे नेमका काय करतो ते एकदा नीट सांगायला हवं, कारण मी बाग अधिकारी झालो असं तू गावभर सांगितलंस आणि तेलाच्या घाण्यावाल्याने मला पत्र टाकून त्याच्या मेव्हण्यासाठी नोकरी मागितली. त्यात मी खोटं असं फार लिहिलं नव्हतं. इथे बाग आहे आणि अधिकारी आहेत, मी दोघांच्या मध्ये असतो. खरं म्हणजे मी आलो होतो गाडी चालवायच्या कामाला. गाडी येते का विचारलं, मी येते म्हटलं. (येते. शेजारी बसून तर फार छान येते.) पण साहेबांनी सहज विचारलं, मूळचा कुठला, घरी काय करतात. मी म्हटलं, आत्याची छोटी बाग आहे, सगळ्या जातीची फळं आहेत, म्हातारी-म्हातारा दोघंच बघतात. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “म्हणजे तू छोटा शेतकरी!” मी म्हटलं, साहेब, मी तर बागेतून पळून आलोय. तर म्हणाले, तेच तर पाहिजे. त्याचं असं झालं होतं आत्या, की ही संस्था छोट्या बागा टिकाव्यात म्हणून काढलेली. तिच्यात पंखे आहेत, कपाटं आहेत, भिंतीवर चित्रं पाडायचं यंत्र आहे, फक्त छोटा शेतकरी तेवढा नव्हता. तो एक मी सापडलो.

तेव्हापासून माझं काम म्हणजे बैठकीत पुढच्या खुर्चीत बसायचं. खांद्यावर टॉवेल टाकायचा. (टॉवेल संस्थेचा आहे. बैठक संपली की कपाटात जातो, कपाटाला कुलूप लागतं.) साहेब “शेतकऱ्यांशी सविस्तर चर्चा करून” असं म्हणाले की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवतो. फार जोरात हलवली तर खुशामत वाटते, हळू हलवली तर झोप लागल्यासारखी दिसते. बाईंनी मला मधली चाल शिकवली. आतोबांनी तिथे जी मान हलवली ती ऐकू येत नाही म्हणून, हे तुला-मला ठाऊक. पण मी तोच धंदा इथे पगारावर करतो. आपल्या घराण्यात ही विद्या कुठून आली कोण जाणे.

बाई म्हणजे तक्तेवाल्या बाई. वाईट नाहीत. त्यांच्यापाशी प्रत्येक गोष्टीचा तक्ता असतो, डबा उघडताना त्या भाजीचाही काढतील. छोट्या फळबागा का मरतात याचा त्यांचा एक तक्ता आहे, तो गावोगाव दाखवतात. पडद्याची दोरी ओढायला मी असतो. पहिलंच कारण असं: घरातली तरुण मुलं बाग सोडून पळतात. हे वाक्य बाई काठीने दाखवतात आणि काठीचं टोक नेमकं माझ्या कानाजवळ येतं. लोक आधी पडदा बघतात, मग मला. मी मान हलवतो, दुसरं येतं काय? त्याच तक्त्यात खाली दोन रांगा आहेत. ज्या बागेत एक तरी तरुण हात राबतो ती हिरव्या रांगेत. ती बाग आपली आपण टिकते, म्हणून तिला संस्थेने हात लावायचा नाही असा नियमच आहे. जिथे म्हातारीच माणसं उरली ती तांबड्या रांगेत, तिथे योजना. आपली बाग कुठल्या रांगेत आहे ते तू ओळखलंच असशील. पत्ता त्यांना माझ्याकडूनच मिळाला. पहिल्या दिवशी मी इतक्या प्रेमाने वर्णन केलं होतं की बाईंनी सगळं टिपून घेतलं.

आता नमुना बाग. संस्थेच्या आवारात एक बाग आहे, पाहुण्यांना दाखवायची. माती बाहेरून आणलेली, झाडं बाहेरून आणलेली, माळी बाहेरून आणलेला, आणि फळ? तेही बाहेरून. म्हणजे झाडं वाढली छान, पण त्यांना फळ धरायची बुद्धी होईना. पाहुणे यायचे आणि नुसती पानं बघून जायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं (माझ्या) की पाहुणे यायच्या आधी बाजारातून पेरू आणायचे आणि हिरव्या दोऱ्याने फांदीला बांधायचे. तुला राग येईल, पण लांबून काय देखणी दिसायची बाग! एकदा एक पाहुण्या बाई जवळ गेल्या आणि त्यांनी एक पेरू उलटा करून बघितला. त्याला दुकानाची गोल चिकटपट्टी तशीच होती. मी हळूच माळ्याच्या मागे सरकलो. पण त्या बाई साहेबांना म्हणाल्या, “अरे वा, तुमच्याकडे फळ झाडावर असतानाच त्याला पट्टी लागते!” साहेब म्हणाले, “हो, वेळ वाचतो.” त्यानंतर दोन संस्थांनी येऊन ही पद्धत शिकून घेतली म्हणे.

त्याच सुमाराला फाटकावरची पाटी पडली. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘टिकेल तीच बाग’ असं होतं आणि तिचा खांब वाळवीने खाल्ला होता. साहेबांना फार लागलं. मी म्हटलं, साहेब, द्या माझ्याकडे. नवा खांब आणला, चुना भिजवला, गेरू कालवला आणि तू झाडांना करतेस तसं केलं: खाली चुना, वर गेरूचा लाल पट्टा. कमरपट्टा घातला की वाळवी माघारी फिरते, हे तुझंच वाक्य मी ठसक्यात सांगितलं. साहेबांनी पाठ थोपटली. आत्या, इथे माझी पाठ कुणी थोपटत नाही, आचारी थोपटतो ती उठवायला. त्यामुळे मी जरा हवेत गेलो.

आणि नेमके मोठे पाहुणे यायचे ठरले. मोठे म्हणजे ज्यांच्या जिवावर टॉवेलापासून पडद्यापर्यंत सगळं चालतं ते. साहेब म्हणाले, बाग अशी सजवा की पाहुण्यांना घरच्यासारखी वाटली पाहिजे. आता घरच्यासारखी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच बाग येते. मी शर्ट काढला, बादल्या घेतल्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्या झाडांना चुना-गेरू केला. एक झाड सोडलं नाही. कुणा थोर माणसाने लावलेलं आणि कठडा घातलेलं झाड होतं त्यालाही केला. साहेब ज्याच्या सावलीत फोनवर बोलतात त्याला तर दोन हात दिले. संध्याकाळी लांब उभं राहून बघितलं तर खरंच सांगतो, पलीकडून तू “हातपाय धू आणि जेवायला ये” म्हणून ओरडशील असं वाटलं. (डोळ्यांत चुना गेला होता, तेव्हा पाणी आलं त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.)

आता इथे एक बारीकशी गोष्ट राहून गेली. संस्थेत लाल पट्ट्याचा अर्थ वेगळा होता. लाल पट्टा म्हणजे हे झाड कापायचं. कुंपणाजवळची चार वाळकी झाडं काढायची होती, त्यांना खूण म्हणून लाल पट्टा मारायचा आणि करवतवाल्याने लाल पट्टा दिसला की विचारत न बसता कापायचं, असा निर्णय झाला होता. ज्या बैठकीत झाला त्या बैठकीला मी हजर होतो. मानही हलवली होती. पण मान हलवताना ऐकायचंही असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पाहुणे यायच्या सकाळी मी बाजारात गेलो पेरू आणायला. निवडून घेतले, देठाचे, पानासकट. फाटकातून आत आलो तर मला वाटलं चुकून शेजारच्या मैदानात शिरलो. आत्या, बाग नव्हती. सगळी झाडं आडवी. माझा चुना खाली, म्हणून नुसते पांढरे बुंधे ओळीने उभे, जबड्यातल्या दातांसारखे. एका बुंध्यावर साहेब बसले होते आणि करवतवाला यंत्र पुसत होता. माझ्या डोक्यावर टोपलीभर पेरू आणि बांधायला झाड नाही. मी करवतवाल्याला म्हटलं, अरे बाबा, तुला निदान दिसलं नाही का, हिरवीगार झाडं ती? तो यंत्रावरून डोळा न उचलता म्हणाला, “मला झाडं कळत नाहीत. मला रंग कळतो.” आणि वर मलाच म्हणाला, “रंग मात्र झकास दिलाय कुणीतरी. लांबून दिसत होता.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात गाड्या आल्या. पाहुणे उतरले आणि बुंधे बघत राहिले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या पाहुण्याने तर टोपी काढून हातात घेतली. साहेब बुंध्यावरून उठले आणि परत बसले. मग तक्तेवाल्या बाई पुढे झाल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला असं मी म्हणणार नाही, त्या बाईंना देवाने जीभच अशी दिली आहे की ती आपली आपण लागते. त्या एवढंच म्हणाल्या, “ही सुरुवात आहे.” मग म्हणाल्या, जुन्या बागेला ठिगळं किती लावायची? आधी पाटी कोरी करायची, मग लिहायचं. साहेबांना वाचा फुटली, तेही म्हणाले, “हो, कोरी पाटी.” म्हातारे पाहुणे म्हणाले, आजवर जिथे गेलो तिथे लोकांनी आम्हाला झाडं दाखवली. काहीच न दाखवायचं धाडस तुम्हीच केलंत. आणि टाळ्या! मी टोपली घेऊन उभा होतो, माझ्याकडे बघून बाई म्हणाल्या, आणि हे पहिलं पीक. सगळ्यांनी एकेक पेरू घेतला. (चिकटपट्ट्या या वेळी मी काढल्या होत्या. माणूस शिकत जातो.) फार गोड आहेत म्हणाले, पद्धतीचा फरक लगेच कळतो.

तर आत्या, तुझ्या दारात जी ‘कोरी पाटी योजना’ येऊन माठ रिकामा करून गेली, तिचा जन्म असा झाला. आतून बघितलं तर ती तुझ्याच गेरूतून निघाली आहे. त्यात मला बढतीही मिळाली. मला कुणी रागावलं नाही, उलट लाल रंगाचा डबा आणि रुंद ब्रश माझ्या ताब्यात दिला, आणि जिथे जिथे योजना लागेल तिथे झाडांना पट्टा मारायला मीच जायचं असं ठरलं. तुझ्याकडे माणसं आली तेव्हा मी दुसरीकडे डबा घेऊन गेलो होतो, नाहीतर भेट झाली असती.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी नीट विचार केला, खोलीत बसून केला, आचारी साक्षीला आहे. बुटक्या पेरूचं एक खरंच चांगलं आहे. त्याला शिडी लागत नाही. स्टुलावर बसून तोडता येतो, तुझ्या गुडघ्याला आराम. सगळं फळ एकाच आठवड्यात तयार होतं, मग वर्षभर आज चिकू उतरले, उद्या फणस फुटला, परवा केळीचा घड वाकला ही कटकट नाही. उरलेल्या वर्षात काय करायचं हे मी बाईंना मुद्दाम विचारलं. तक्त्यात लिहिलंय: उरलेल्या काळात प्रशिक्षण. म्हणजे तू आणि आतोबा सतरंजीवर बसायचं आणि बाई तुम्हाला बाग कशी सांभाळायची ते शिकवणार. आतोबा मान हलवतीलच. तुझी मात्र जरा काळजी वाटते. तर सगळा विचार करता माझं उत्तर असं आहे की हो म्हण. आम्ही किती दिवस लांबून म्हणत राहायचं, आत्या, शिडीवर चढू नकोस?

आतोबांना नमस्कार सांग. (मोठ्याने.) घाण्यावाल्याच्या मेव्हण्याला सांग जागा नाही, शेतकरी एकच ठेवतात. शेजारच्या काकूंना आठवण सांगू नकोस, त्या लगेच काहीतरी मागतात. वटवाघळांना काही कळवायचं नाही.

तुझा आज्ञाधारक
(हे रीत म्हणून लिहितात)
भाचा

ता. क. आत्या, पाकीट चिकटवायला डिंक लावला आणि हात तसाच राहिला. आपल्या बागेतल्या झाडांना गेरू आहे ना गं? आहेच. तू दर वर्षी करतेस. मी वर एवढं लिहीत गेलो आणि माझ्या डोक्यात आलंच नाही. आता नीट ऐक. योजनेत असा नियम झालाय की लाल पट्टा म्हणजे मालकाने होकार दिला. आणि आमच्याकडे काम असं चालतं की पहाटे करवतवाला टेम्पो घेऊन पुढे निघतो, बाई मागून नाश्ता करून येतात, आणि मग शेतकऱ्यांशी सविस्तर चर्चा होते. म्हणजे तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, बाई पोचेपर्यंत म्हणायला काही उरायचं नाही. तुझं उत्तर तू वर्षानुवर्षं प्रत्येक झाडावर लिहून ठेवलं आहेस आणि तो माणूस रंग तेवढा वाचतो. मी आत्ताच उठून त्याच्याकडे गेलो, म्हटलं तिथला लाल पट्टा वेगळा, तो वाळवीचा. तो म्हणाला, “तुम्ही मागल्या वेळी पण नंतरच सांगितलंत.” तेव्हा हे पत्र मिळाल्याबरोबर हातातलं काम टाक आणि गेरूवर चुना फिरव. गेरू एका हातात झाकत नाही, दोन हात दे. आंबा-फणसाच्या जाड फांद्यांनाही तू पट्टे घालतेस, त्यातल्या खालच्या तू कर, वरचं आतोबांना सांग. नको, त्यांना शिडी नको. तुलाही नको. थांब, विचार करतो.

ता. क. दुसरा. वर ‘हो म्हण’ असं लिहिलंय ते वाचू नकोस. खोडायला गेलो तर कागद फाटतोय, आणि मागच्या बाजूला तुझ्या गुडघ्याची चौकशी आहे, ती फाटायला नको. तूच तुझ्या पेनाने खोड. मी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की एका आठवड्यात सगळे पेरू पिकले तर आपल्याकडे ते खाणार कोण? वटवाघळंसुद्धा कंटाळतील. आणि तो एक चिकू आहे ना कधीच न फळणारा, ज्याच्यावर तू गोधड्या वाळत घालतेस आणि आतोबा दर वर्षी “पुढच्या साली धरेल” म्हणतात? तो बाईंच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मग गोधड्या कुठे घालशील, पेरूवर? तो गुडघ्याएवढा. लहानपणी मी फांदी मोडली की तू म्हणायचीस, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तेव्हा मला वाटायचं तू कुऱ्हाडीला शिव्या देतेस.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. नुसत्या चुन्याने भागणार नाही. आतोबांची मान आमच्याकडे होकार म्हणून धरली गेली आहे, आणि ती परत घ्यायची सोय योजनेत नाही. पण हिरव्या रांगेचा नियम मी वर लिहिलाय तो परत वाच. बागेत एक तरुण हात राबताना दिसला की योजना तिथून मुकाट्याने माघारी जाते. बाई नियमाच्या पक्क्या आहेत. म्हणून असं ठरवलंय की त्या टेम्पोच्या आदल्या दिवशीच मी तिथे पोचतो. साहेबांना सांगितलं आत्या आजारी आहे, तर एक दिवस बरी दिसू नकोस. लाल डबा माझ्या ताब्यातलाच आहे, तो मी इथल्या कपाटात टॉवेलाशेजारी ठेवून कुलूप लावून येणार. तिथे आलो की शिडीवर मी चढतो, चुना मी देतो, बाई आल्या की फणसाखाली फावडं घेऊन उभा राहतो. फक्त त्या एका दिवसापुरतं हं. लगेच डोळे पुसून कोंबडीच्या मागे धावू नकोस, मी परतणार आहे, टॉवेल कुणाच्या तरी खांद्यावर पडायलाच हवा. तेवढं एक कर: माझ्या खाटेवर तू फणसाच्या आठळ्या वाळत घातल्यास असं आतोबांनी कळवलं होतं. बाई घरात शिरून बारकाईने बघतात, तरुण माणूस इथे झोपतो असं खाटेवरून दिसलं पाहिजे. अर्धी रिकामी केलीस तरी चालेल, मी कुशीवर झोपतो.

ता. क. चौथा. आत्ता बाईंना सहज विचारलं, हिरव्या रांगेतल्या बागा तुम्ही परत तपासता का? म्हणाल्या, दर हंगामाला, न सांगता. आठळ्या सगळ्याच काढ.